समुद्राकडे पाठ करून

५ जाने., सोमवार

मंगल सकाळीच आली. पलीकडच्या विंगमधली. महिला मंडळाची सेक्रेटरी झाल्यापासून बेल वाजवत नाही, दारावर थाप मारते. वाशीला मोठी परिषद आहे, कोल्ड स्टोरेजवाल्यांची. तीन दिवस, देशभरातून माणसं. मंडळातून मदतीला बायका हव्यात. दोन वेळचं खाणं, एक साडी, गळ्यात कार्ड.

म्हटलं, मला इंग्लिश येत नाही.

"हसायला इंग्लिश लागतं का? आणि तुझ्या घरी एवढी वर्षं थंडीचंच तर काम होतं."

होतं खरं. हे मार्केटच्या शीतगृहात मशीनवर. घरी आले की शर्टाला सफरचंदाचा आणि तेलाचा वास. मे महिन्यातही हात गार.

बघते म्हटलं. जायचं मनात नाही. पाय दुखतात.

७ जाने., बुधवार

मं.ने परिषदेचं माहितीपुस्तक टाकलं. मी हो म्हटल्यासारखंच. इंग्लिश आहे, पण अक्षरं लावून लावून वाचता येतं. मराठीसुद्धा अशीच वाचायला लागले. चौथीत शाळा सुटली, पुढचं सगळं पुड्यांच्या कागदावर आणि मग वाचनालयात.

बोलणाऱ्या लोकांचे फोटो आहेत. शेवटच्या पानावर एक म्हातारे. गोडबोले. खाली ओळीत कुठेतरी मस्कत.

परत वाचलं. मस्कतच.

हे दोन वर्षं मस्कतला होते. राजू तेव्हा रांगत होता. आले त्या दिवशी मी विचारलं, कसं होतं तिकडे? "ऊन होतं. गोडबोले साहेब चांगला माणूस." झालं. पुढे कधी विचारलं तरी तेच. पत्रंही तशीच यायची. मी खुशाल, तुम्ही खुशाल असावे, ऊन फार. मी बोट ठेवून ठेवून वाचायचे, आणखी काही निघतं का म्हणून.

ती दोन वर्षं माझ्याकडे नाहीतच.

ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. माझ्याजवळ ह्यांचं जे आहे ते इतक्यांदा आठवलंय की गुळगुळीत झालंय. नवीन काही येत नाही. गेलेल्या माणसाचं नवीन कुठून येणार. पण ह्या म्हाताऱ्याने त्यांना पाहिलंय. मी नसताना.

मं.ला फोन करून हो सांगितलं. म्हणाली, "एवढी घाई? साडीचा रंग तरी विचार."

१० जाने., शनिवार

आज शिकवणी झाली. शिकवणारी श्रेया. कॉलेज आत्ता संपलंय, हातात वॉकी-टॉकी. सगळ्यांना काकू म्हणते आणि सगळ्यांवर ओरडते.

"काकू, डेलिगेटशी गप्पा मारायच्या नाहीत हां. रस्ता दाखवायचा, स्माईल द्यायचं, बाजूला व्हायचं."

मं. म्हणाली, "आमच्या घरी पण हेच करतो आम्ही."

मला पहिल्या दिवशी कार्ड वाटायचं टेबल. दुसऱ्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये माईक. कोणी हात वर केला की त्याच्याकडे माईक न्यायचा, आणि बोलणाऱ्याच्या कॉलरचा छोटा माईक शेवटी काढून घ्यायचा. श्रेयाला विचारलं, दुसऱ्या दिवशी कोण कोण बोलणार? तिने यादी दाखवली. गोडबोले आहेत. दुपारी.

साडी मोरपंखी. बरी आहे.

१४ जाने.

संक्रांत. राजूचा बंगलोरहून फोन, घाईतला. मं. तिळगूळ देऊन गेली. वाण नाही दिलं, डबा मात्र मोठा दिला. तिची तिलाच लाज वाटत असणार. मला वाईट वाटत नाही.

वाटतं थोडं.

साहेबांना काय विचारायचं ते ठरवत बसले. एकच विचारायचं म्हणते आणि दहा होतात. काय खायचे. कोणाशी भांडले का. आजारी पडले होते का. हसायचे का, आणि कशाला. माझं

जाऊ दे. वेळ असेल तसं.

१६ जाने., शुक्र.

पहिला दिवस. हॉल एवढा गार की आम्ही सगळ्या मोरपंखी साड्यांवर शाली घेऊन. मं. म्हणाली, "आपल्यालाच साठवून ठेवतात की काय."

सकाळभर कार्डं. लोक नाव सांगतात, आम्ही शोधून देतो. बायकांना जमतं हे, लग्नाच्या आहेरासारखंच. चूकही होते. एका सरदारजींना मी दुसऱ्याच्या नावाचं दिलं, ते गळ्यात घालून चहा पिऊन आले.

अकराच्या सुमारास गो. सा. आले. काठी आहे. आजूबाजूला पाच-सहा जण, कोणी वाकतंय, कोणी फोटो घेतंय. टेबलाशी आल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "गोडबोले." मी कार्ड दिलं. "धन्यवाद ताई."

माझं तोंड उघडलंच नाही. स्माईलसुद्धा नाही.

ह्या हातात ह्यांनी कधीतरी पाना दिला असेल, एवढंच येत राहिलं डोक्यात. घरी येऊन भात टाकला, जेवले नाही.

१७ जाने., शनि.

सगळं नीट लिहायचंय. एकही शब्द सुटायला नको.

दुपारी त्यांचं भाषण. अर्धं इंग्लिश, मध्येच मराठी. मी खांबाशी माईक धरून. प्रश्न झाले. संपल्यावर कॉलरचा माईक काढायला गेले, तो चिमटा निघेना. ते म्हणाले, "सावकाश." चिमटा सोडवता सोडवता मी म्हटलं, साहेब, आमचे हे तुमच्या हाताखाली होते, मस्कतला.

"कोण हे?"

पाटील. जासईचे.

थांबले. मग हसले. दात नवे आहेत. "जासई! अरे वा. मशीनवरचा. बारीक, मिशीवाला?"

हो म्हटलं.

म्हणाले, चला, बसू कुठेतरी. पायऱ्यांपाशी दोन खुर्च्या होत्या तिथे बसलो. श्रेया लांबून डोळे मोठे करत होती, मी तिकडे बघितलंच नाही.

सांगितलं ते असं. शुक्रवारी सुट्टी. सगळे ट्रकमधून समुद्रावर जायचे. बाकीचे पाण्यात धिंगाणा घालायचे आणि हा वाळूत बसायचा, समुद्राकडे पाठ करून. दर शुक्रवारी. एकदा साहेबांनी विचारलं, अरे जासई, समुद्र तिकडे आहे, इकडे काय बघतोस? तर म्हणाला, "साहेब, ह्याच पाण्याच्या पलीकडच्या काठावर माझं घर आहे. बघत बसलो तर चालत निघेन."

गो. सा. म्हणाले, "एवढ्या माणसांना मी हाताखाली वागवलं, ताई, पण हे वाक्य राहिलं."

मी काय बोलले आठवत नाही. पाणी आणून देते म्हटलं बहुतेक. त्यांना बोलावणं आलं, ते गेले.

घर म्हणाला होता की घरची माणसं, ते विचारायचं राहिलं.

येताना सानपाड्याला उतरून घरी न येता स्टेशनबाहेरच्या बाकावर बसले. रिक्षावाला विचारून गेला, मावशी, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे. एवढं बरं कित्येक दिवसांत नव्हतं.

चालत निघेन. असं म्हणाले. माझ्यापाशी कधी

(संध्याकाळी) राजूला फोन केला. राहवलं नाही. सगळं ऐकून घेतलं त्याने, मग म्हणाला, "पप्पा? एवढं लांब वाक्य?"

मी चिडले. म्हटलं, तुला काय माहीत, तू रांगत होतास.

तो म्हणाला, "तसं नाही गं. पण हरीशकाका पण तेव्हा तिकडेच होते ना? तेही जासईचे पाटीलच."

१८ जाने., रवि.

हरीश. ह्यांचा धाकटा चुलत भाऊ. एकाच एजंटने दोघांना नेलं होतं, एकाच विमानाने. तोही मशीनवर. तोही बारीक, मिशीवाला. आमच्याकडे तेव्हा सगळेच बारीक आणि मिशीवाले. तोही गेला, ह्यांच्या आधीच. आता विचारायचं कोणाला.

आणि मी काय सांगितलं साहेबांना? पाटील, जासईचे. नाव सांगितलंच नाही. सवयच नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, मग रेशनकार्डाच्या रांगेत, मग दवाखान्यात. एरवी हे. तिथे खुर्चीवर बसूनही हे, हेच म्हणत राहिले.

आज शेवटचा दिवस. समारोपानंतर गो. सा. बाहेर गाडीची वाट बघत होते. माझी ड्यूटी भेटपिशव्या वाटायची होती. मं.ला म्हटलं, जरा बघ. ती म्हणाली, "परत तो म्हातारा? अगं, लोक काय म्हणतील." पण पिशव्या घेतल्या तिने.

गेले. म्हटलं, साहेब, काल नाव सांगायचं राहिलं. आणि घेतलं. मोठ्याने, आडनावासकट. कोणी ऐकलं नाही, गाड्यांचे हॉर्न. माझ्या मात्र कानात राहिलं.

ते विचारात पडले. "नावं नाही हो आठवत. आम्ही गावानेच हाक मारायचो. अलिबाग, राजापूर, जासई."

जासईचे दोघं होते, म्हटलं.

"दोघं होते? हो... होते. दोघं होते खरे." माझ्याकडे बघत राहिले. माणूस हुशार, समजले. म्हणाले, "घरी एक फोटो आहे त्या वेळचा. मुलाला सांगून पाठवतो. नंबर द्या."

नंबर दिला. गाडी आली.

भेटपिशवीत एक छत्री निघाली आणि फ्रीजला लावायचं चुंबक. चुंबक लावलं.

२१ जाने., बुध.

फोटो आला. दहा-बारा जण, मागे पांढरी भिंत, उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक. हे आणि हरीश शेजारी शेजारी. ह्यांचा हात हरीशच्या खांद्यावर. अंगावर सारखेच शर्ट. मी ओळखलं, मी ओळखणारच. पण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

ह्या वयातला ह्यांचा फोटो माझ्याकडे नव्हता. गाल आत गेलेत. कोण जेवायला घालत होतं.

खाली गो. सां.नी लिहिलंय, "यातले तुमचे कोणते?"

म्हणजे त्यांनाही माहीत नाही. मी दाखवायचं आणि त्यांनी आठवायचं.

वाचनालयाचं पुस्तक परत करायचं राहिलंय. उद्या.

२२ जाने.

परत केलं. नवीन आणलं नाही.

समुद्राकडे पाठ केलेले हे मला रोज दिसतात. वाळूत, लुंगी गुडघ्यापर्यंत. मग हरीशचं तोंड लावून बघते. तेही बसतं.

कुंदाला सांगायला हवं का? हरीशची बायको, माझी धाकटी जाऊ, जासईलाच असते. वाक्य हरीशचं असेल तर ते तिचं आहे. आणि मी ते पायऱ्यांवर बसून उचलून आणलंय. न सांगावं असंही वाटतं. मला सापडलंय, मी तीन दिवस उभी राहिले त्या गारठ्यात.

तिला फोन केला. रथसप्तमीच्या आत तिळगुळाला ये म्हटलं.

२४ जाने., शनि.

कुंदा आली. गुडघे धरून धरून जिना चढली, लिफ्टला घाबरते. येताना सुका जवळा घेऊन आली, सगळ्या जिन्याला वास.

चहा झाल्यावर फोटो दाखवला. फोन लांब धरून बघत बसली. मग म्हणाली, "आगो बाय. कवढा बारीक झालेला."

मी गोष्ट सांगितली. नाव न लावता. साहेब म्हणाले, जासईचा एक जण होता, तो समुद्राकडे पाठ करून बसायचा. आणि ते वाक्य. मला ते नीट म्हणता येईना. पण म्हटलं.

कुंदा लगेच म्हणाली, "हा माजाच."

विचार नाही, काही नाही.

"दुसरा कोन आसनार, वयनी? घरी पन भितीकडं तोंड करून जेवाचा. मी इचारलं, मना बगाचा कंटाला आला का? त म्हने, तुज्याकडं बगितलं का जेवान राहतं." असं म्हणून हसायला लागली आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. किती वेळ.

म्हटलं, असेल.

"आसल काय? हायच."

म्हटलं, हो.

मग तिने परत सांगायला लावलं. परत एकदा. शेवटचं वाक्य पाठ केलं तिने, सुनेला सांगायला. जाताना फोटो पाठव म्हणाली, सून मोठा करून आणून देईल. पाठवला. दारात माझे दोन्ही हात धरले. "बरा केलास सांगितलास. मना कोनी काय सांगतच नाय गो त्याचा."

दार लावलं. जवळा तव्यावर परतला. वास छान सुटला, पण एकटीला किती लागतो.

२७ जाने., मंगळ.

सकाळी कपडे वाळत घालताना आठवलं. राजू पहिल्यांदा बंगलोरला निघाला तेव्हा आम्ही हायवेला बसपर्यंत गेलो होतो. बस सुटली, राजू खिडकीतून हात करतोय, आणि हे पाठ फिरवून पानाच्या टपरीकडे बघत उभे. मी केवढी चिडले होते. मुलगा चाललाय आणि तुम्ही टपरी बघताय. पान खायचे नाहीत कधी.

तेव्हापासून आजपर्यंत हे आठवलं नव्हतं.

मं. येऊन गेली. पुढच्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांची परिषद आहे म्हणे. साडी गुलाबी. म्हटलं, गुलाबी नको.

२९ जाने., गुरु.

गो. सां.चा परत मेसेज. फोटो मिळाला ना, यातले तुमचे कोणते, सांगा, म्हणजे मला नीट आठवेल.

ह्यांच्यावर बोट ठेवलं तर म्हणतील, हो हो, हाच तो. हरीशवर ठेवलं तरी म्हणतील. भला माणूस आहे. कुंदाला काही कळणार नाही, ती तिथे जासईला ते वाक्य सुनेला ऐकवत असेल. मलाही मग कोणी विचारणार नाही.

फोन घेऊन बाल्कनीत बसले. "साहेब, नमस्कार. डावीकडून" एवढं टाइप केलं. तेवढ्यात गिरणीवाल्याची हाक आली, दळण झालंय म्हणून.

डबा घेऊन आले. पीठ गरम आहे अजून. अक्षरं तशीच आहेत. पुढे काही लिहिलं नाही. पुसलंही नाही.