शब्द, व्याख्या, उदाहरण

३ जून २०२४, अंबत्तूर
आले एकदाची. अनय स्टेशनवर घ्यायला आला होता. बॅगा उचलताना म्हणाला, आत्या, दगड भरलेत का. मी म्हटलं, पुस्तकं आहेत, तुला फरक कळणार नाही. भाऊ आणि वहिनी एकदमच गेले तेव्हा हा नऊ वर्षांचा होता; तेव्हापासून मीच वाढवला. मला दुसरं कोणी नाही. निवृत्तीनंतर नागपूरचा उकाडा सोडून चेन्नईचा पत्करायचा म्हणजे वेडेपणाच, पण त्याने मला स्वतःच्या ऑफिसात काम मिळवून दिलंय. तिथे उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करतात. आपल्याकडच्या तलाठ्यांसाठी त्या विद्येचा मराठी कोश हवा आहे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, हवेशीर. फार बरं वाटतंय.

५ जून
साहेब कृष्णस्वामी तंजावरचे. मराठी जुन्या खरेदीखतासारखं, पण अदब आहे. मला रत्नप्रभा मॅडम म्हणतात. आधीच्या विद्वानाने केलेल्या व्याख्या वाचून डोकं उठलं. 'पिक्सेल म्हणजे प्रतिमेचा लघुतम अविभाज्य घटक.' हे वाचून तलाठ्याने काय करायचं? मी लिहिलं: चित्र ज्या चौकोनी ठिपक्यांचं बनतं त्यातला एक. उदाहरण: एका पिक्सेलात आमची अख्खी गच्ची मावते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, उदाहरण देता येत नसेल तर तुला कळलेलंच नाही. माझी वाक्यं रोज संध्याकाळी सहाला थेट यंत्रात जातात. त्यांवरून ते जग ओळखायला शिकतं म्हणे. शिकू दे. निदान व्याकरण तरी सुधारेल.

१० जून
'मुखवटा: चित्रातला नको असलेला भाग झाकणं.' वरच्या मजल्यावरची रंजनी रोज कुंड्यांना पाणी घालते आणि ते माझ्या वाळत घातलेल्या साड्यांवर गळतं. दोनदा सांगून झालं. हसते. उदाहरण लिहिलं: 'वरची रंजनी नको होती, म्हणून तिच्यावर मुखवटा चढवला.' लिहून बरं वाटलं.

११ जून
साड्या कोरड्या. वर बघितलं तर तिसरा मजलाच नाही. आमच्या डोक्यावर गच्ची, तिला जुनं शेवाळ. अनय म्हणाला, आपल्या वर कधीच कोणी राहत नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढला असेल. साड्या मात्र कोरड्या.

१३ जून
'गोंगाट: चित्रात शिरलेले निरर्थक ठिपके. ते गाळून टाकतात.' शेजारच्या टेबलावरचा श्रीवत्स दिवसभर शिट्टी वाजवतो आणि मला पाटी म्हणतो, म्हणजे तमिळमध्ये आजी. मी कोणाची आजी नाही. उदाहरण: 'श्रीवत्स हा गोंगाट होता, गाळला.'

१४ जून
टेबल नाही. कृष्णस्वामी म्हणाले, या नावाचं इथे कधी कोणी नव्हतं. अगदी सौम्यपणे म्हणाले, वेड्या माणसाशी बोलावं तसे.
शांतता छान आहे. हे लिहायला नको होतं, पण छान आहे. यापुढे उदाहरणांत माणसं घालायची नाहीत. भातशेती, तळी, एन्नोरच्या वीजकेंद्राची राख. बस.

१९ जून
अनयचं कीर्तीशी लग्न ठरलंय. इडली वाढता वाढता कळलं. दोघांना वेगळं राहायचंय. मी ऑगस्टमध्ये नागपूरला परत जावं, तिथे बायकांसाठी एक चांगली संस्था आहे. संस्था! मी त्याच्या पुढ्यातलं ताट उचललं. तो तरीही थांबला नाही. म्हणाला, "आत्या, तुला माणसं आवडतच नाहीत. एकटीच बरी राहशील."
ऑफिसात आजचा शब्द 'छाटणी: हवा तेवढा भाग ठेवून बाकीचा चौकटीबाहेर टाकणं.' उदाहरणात अनयचं नाव घातलं.
काय होईल ते मला ठाऊक होतं. इथे तरी खोटं लिहिणार नाही.

२० जून
एकच टूथब्रश. त्याच्या खोलीत शिलाई मशीन आहे. मला शिवता येत नाही. कीर्तीला फोन केला. कोण अनय, म्हणाली. वाक्य खोडायला धावले. यंत्रात गेलेलं निघत नाही.

२१ जून
सापडला शब्द. 'अंतर्वेशन: हरवलेल्या पिक्सेलची जागा शेजारच्या पिक्सेलांवरून भरणं.' लिहिलं: 'अनयची रिकामी जागा शेजारच्यांवरून भरली.' देवा, एवढं एकच —

२२ जून
आला! सकाळी सोफ्यावर बसलेला. रडले.
चष्मा कृष्णस्वामींसारखा बोटाने वर ढकलतो. खोकला वॉचमनचा. नागपूरच्या नव्या शाळेचा पहिला दिवस आठवतो का, विचारलं. म्हणाला, हो, रडत आत गेला बिचारा, मी फाटकाशी उभी होते —
उभी.

२३ जून
शेजाऱ्यांत सगळ्यांत जवळची मी. म्हणून माझंच जास्त आलं. माझ्याच स्वरात माझ्या चुका काढतो. आज माझ्या पुढ्यातलं ताट उचललं. म्हणाला, "तू काय लिहिलंस ते मला ठाऊक आहे." असणारच — मला ठाऊक आहे ना. रागही माझाच. माझा राग उतरत नाही, हे मला —

२४ जून, साडेपाच
माझ्या खुर्चीत तो. कृष्णस्वामी म्हणतात, कोश पहिल्यापासून हाच करतो. मी त्याच्या पाया पडले. त्याने मान वर केली नाही.
शब्द 'वर्गीकरण: चित्रातला प्रत्येक पिक्सेल शेत, पाणी की वस्ती ते ठरवणं.' व्याख्या नेटकी — मी केली असती तशीच. आता उदाहरण. सहाला —
खांद्यावरून दिसतंय. 'रत्नप्रभा: पडीक.' पडीक जमिनीला म्हणतात, माणसाला नाही. शब्द चुकलाय, अनय, तिथे