लशींचा फ्रिज आणि चिर्वासाहेबांची खात्री

प्रिय टोवेराताई,

धाकट्या लुसुंगुचा वाकून नमस्कार. म्झुझूच्या गारठ्यात तुझा गुडघा काय म्हणतोय, दुकानात गिऱ्हाईक आहे का, आणि भाऊजींनी तो खोकला अजून जपून ठेवलाय का, ते कळव. इकडे सरोवराकाठी आम्ही खुशाल आहोत. दवाखान्यातल्या लशीही खुशाल आहेत, पण थोडक्यात वाचल्या.

झालं असं, की मार्चमध्ये जिल्हा कचेरीतल्या गोंडवेने आमच्या लशींच्या फ्रिजला काडेपेटीएवढी डबी बसवली. आतलं तापमान दोन अंशांखाली किंवा आठावर गेलं, की ती तीन फोनांवर मेसेज पाठवते: माझ्या, चिर्वासाहेबांच्या (आमचे प्रमुख) आणि साठ किलोमीटरवर बसलेल्या गोंडवेच्या. सकाळी लस काढायला मी दार उघडते, तेवढ्यावर एखादा मेसेज येणारच. पण आमच्याकडे दुपारपर्यंत वीस यायला लागले. गोंडवे फोनवर ओरडायचा, "दार कोण उघडतंय?" चिर्वासाहेबांनी दारावर 'उघडू नये' असा कागद चिकटवला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी आत प्यायचा थोब्वा गार करत ठेवते. (एकदाच ठेवला होता, तोही डबी येण्याआधी.) शेवटी एका सकाळी मी तिथेच ठाण मांडून बसले. फोन वाजला. साहेब आले, दार सताड उघडलं, आत हात घालून मिनिटभर उभे राहिले, "गार तर आहे," म्हणाले आणि गेले. पाच मिनिटांनी पुन्हा मेसेज, पुन्हा साहेब, पुन्हा हात.

"साहेब, तुम्ही उघडता म्हणून मेसेज येतो."

"तो येतो म्हणून मी उघडतो, लुसुंगु. खात्री नको करायला?"

गोंडवेने त्यांना फ्रिजला हात लावायची बंदी केली. मीही फोनचा आवाज बंद करून टाकला. (हे गोंडवेला कळवू नकोस.)

गेल्या गुरुवारी मी शेजारच्या गावी मयताला गेले होते. वेळ बघायला फोन काढला तर अकरा मेसेज: नऊ अंश, अकरा, तेरा. दुसऱ्या दिवशी त्रेसष्ट पोरांना गोवराची लस द्यायची होती. गोंडवेचा फोन लागेना, म्हणून साहेबांना लावला.

"मला हात लावायची बंदी आहे."

"अहो, आज लावा!"

"लेखी दे."

भाड्याच्या सायकलवर मागे बसून धापा टाकत (मी नाही, सायकलवाला) पोचले. फ्रिज चिडीचूप. समोर साहेब हात पाठीमागे बांधून उभे. हा फ्रिज सूर्यावर चालतो, म्हणून मागच्या कुंपणात गेले. पत्र्यावर, म्हणजे सौरपत्र्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत उसिपा मासे वाळत घातलेले, आणि साहेबांच्या बायको, चिर्वाबाई, ते निगुतीने उलटत होत्या.

"तीन दिवस झाले," त्या म्हणाल्या. "इथे कोंबड्या येत नाहीत गं."

मासे उतरवले, होडीवाल्यांकडून बर्फ आणला, लशी पेटीत हलवल्या. मग एकेक कुपी उजेडात धरली. प्रत्येकीवर गोल असतो, त्यात चौकोन. लस तापून बिघडली की चौकोन काळा पडतो. सगळे चौकोन फिके होते. मी खाली बसून रडले. लशी गेल्या असं समजून साहेबही रडायला लागले. गेल्या नाहीत म्हटलं, तरी थांबेनात. शुक्रवारी त्रेसष्ट पोरांनी एका सुरात भोकाड पसरलं, तेव्हा मला जेवण गेलं.

भाऊजींना नमस्कार, भाचरांना पापे.

तुझी,
लुसुंगु

ता. क. गोंडवे म्हणाला, यादीत आणखी एक नंबर हवा, पहिल्या घंटेला फोन उचलणारा आणि ओळखदेख नसताना झापणारा. मी तुझा दिला. सोमवारपासून मेसेज येतील. तू फक्त साहेबांना फोन करायचा.

पुन्हा ता. क. अर्जात हुद्दा विचारला होता. 'विभागीय निरीक्षक' लिहिलंय. जुने कपडे विकतेस हे बोलण्यात येऊ देऊ नकोस. साहेब आजच नवा शर्ट घालून फोनपाशी बसलेत.