चार महिने पाळी नाही

चौसाळा, मंगळवार, संध्याकाळ

आज ग्राउंडवर गेलेच नाही. बसल्या जागी पाय नुसते हलतायत.

पोलीस भरतीसाठी रोज दोन्ही वेळा जीव तोडून पळते. चार महिने झाले, पाळी नाही. दुपारी बीडला डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "एवढं पळतेस आणि खातेस चिमूटभर. मग शरीर पाळीचे हार्मोन बनवणंच सोडतं. पळणं अर्ध्यावर आण, पोटभर खा." मी पटकन बोलून गेले, "पण मॅडम, बरंच हाय की. सुटले कटकटीतून."

शेजारी बसलेली आई माझ्याकडे बघतच राहिली. ऊसतोडीत खाडा पडू नये म्हणून तिनं तिशीच्या आतच गर्भाची पिशवी काढून घेतली. तेव्हा मावशीला ती हेच म्हणाली होती. सुटले कटकटीतून. बोलताना मला कसं आठवलं नाही?

मैदानी चाचणी पुढच्या महिन्यात आहे. अर्धं पळून निवड होईल? आणि नाही झाली तर?

घरी आल्या आल्या आईनं माझे बूट पेटीत टाकले, कुलूप लावलं. मी लई भांडले. किल्ली कमरेला खोचत ती एवढंच म्हणाली, "मला तवा कुणी अडवलं न्हाई."