गोगलगाय अध्यक्ष झाली त्याची हकीकत

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. (तुझेही केस पिकले, तरी तू धाकटीच राहणार, हे पद निवडणुकीनं बदलत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का, की अजून पाहुणे आले की सुरू होतो? माझी प्रकृती उत्तम आहे. रागानं रक्त खेळतं राहतं.

तुझ्या लेकीनं तुला फोनवर "बैठक झाली, बरी झाली" एवढंच सांगितलं असणार. ती असंच सांगते. म्हणून खरं काय झालं ते मी लिहिते.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष तुझे व्याही, हे तुला ठाऊक आहेच. लोकांना वाटायला लागलं होतं की इमारत त्यांच्याभोवती बांधली. अशात वरून आदेश आला की यंदा अध्यक्षपदी तरुण स्त्रीच हवी, पस्तिशीच्या आतली. तू माझा संताप समजून घे. मी तरुण होते तेव्हा अध्यक्षाला मिशा लागत. आता बाई चालेल म्हणतात, तर ती कोवळी लागते. टेलिफोन खात्यात खोलीभर पुरुषांना कामाला लावून निवृत्त झालेली बाई मी, पण माझं वय आणि माझी पात्रता यांची उभ्या जन्मात कधी गाठच पडली नाही.

व्याह्यांनी घरातच उपाय शोधला. स्वतः समितीचा राजीनामा दिला आणि सुनेला, म्हणजे तुझ्या लेकीला, बिनविरोध बसवलं. "आमची सूनबाई म्हणजे अगदी गोगलगाय," असं गावभर सांगत फिरले. (म्हणीचा उरलेला भाग, पोटात पाय, हा बहुधा त्यांच्या शाळेत शिकवला नसावा.) वर मलाच विनंती, की तुम्ही कॉन्व्हेंटच्या, हिला जरा चारचौघांत बोलायला शिकवा. म्हणजे काय, तर "मी सहमत आहे" आणि "सर्वांचे आभार".

मी शिकवलं. सिस्टरनी आपल्याला शिकवलं तसंच: पाठ ताठ, हनुवटी वर, आणि तोंड उघडण्याआधी नियमावली पाठ. हिनं एकच प्रश्न विचारला, "मावशी, बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप का असतं गं?" वाचनालयात दिवसभर अभ्यासाला बसणाऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुपार झाली की पुस्तकं मिटून घरी जातात, हे मला त्या दिवशी कळलं. (मी तिथे रोज जाते, पण फक्त वर्तमानपत्रापुरती, आणि घर समोरच.) किल्ली व्याह्यांच्या खिशात. कारण विचारलं की म्हणत, "नासधूस होते." कुलूप काढणं हा तिचा पहिला ठराव होता. पण तो मांडण्याआधी सासरे तिला तोंड उघडू देतील का, ह्याच काळजीनं मी बैठकीला मार्गदर्शक म्हणून गेले. बोलावलं कुणी नव्हतं. मार्गदर्शकाला कोण बोलावतं?

बघते तर व्याही अध्यक्षांच्या खुर्चीला खुर्ची चिकटवून बसलेले! समितीतले वकील तिला विचारत आणि उत्तर हे देत. "आमच्या मते..." "आमचं असं ठरलंय..." मी खिडकीशी बसून चष्म्यावरून तिला खुणा करत होते. पोरीनं समोरचे कागद नीट लावले. मग अगदी हळू, चहा हवा का विचारावं तशा आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्ही राजीनामा दिलात ना? मग सदस्य नसलेल्यांना बैठकीत बसता येत नाही."

"अगं, मी काय परका आहे?"

"घरी नाही. इथे आहात."

वकिलांनी नियमावली चाळली आणि चेहरा पाडून मान डोलावली. व्याही उठले. मला इतका आनंद झाला की मी खरोखर टाळी वाजवली. तेवढ्यात ती माझ्याकडे वळली. "मावशी, तूही."

धाकटे, मी! जिनं तिच्याकडून हा नियम पाठ करून घेतला ती!

बाहेर बाक एकच. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला तुझे व्याही. "ही तुमची शिकवण," ते म्हणाले. "ही तुमची निवड," मी म्हणाले. मग दोघांनीही बोलणं थांबवलं, कारण आतलं ऐकू येईना. थोड्या वेळानं दार उघडलं. आपल्याला परत बोलावलं असं समजून आम्ही दोघंही उठलो. तिनं नुसता हात पुढे केला. "बाबा, किल्ली." ठराव मंजूर झाला होता. त्यांनी खिसा असा चाचपला, जणू काढून द्यायचंय ते काळीजच.

आत काय निघालं असेल? जुने स्वागताचे फलक, मोडक्या खुर्च्या, आणि कमोडवर टेकवलेली त्यांची स्वतःचीच भलीमोठी तसबीर. ती दोन्ही हातांनी धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं. वाचनाच्या खोलीतून मुली एकेक करून बाहेर आल्या आणि बघता बघता रांग लागली. त्या दिवशी संध्याकाळी दिवे लागले तरी एकही मुलगी उठली नव्हती. मला मात्र समोरचं नीट दिसेना. (डोळ्यात तसबिरीवरची धूळ गेली होती.)

तर अशी तुझी लेक. उद्धट म्हणू नकोस, माझ्यावर गेली आहे.

तुझी,
ताई

ता.क. समितीत सल्लागाराची एक जागा निघते आहे, ज्येष्ठांसाठी. वयाची अट पहिल्यांदाच माझ्या बाजूची! लेकीच्या कानावर माझं नाव घाल. मी सांगितलं म्हणू नकोस.

ता.क. २ अर्जाला शिफारस लागते. माझी तुझ्या व्याह्यांनी केली, "मितभाषी" असं लिहून. मग मलाही त्यांची करावी लागली. मी लिहिलं, "वेळ आली की खुर्ची सोडतात." जागा एकच आहे हे त्यांना अजून ठाऊक नाही.

ता.क. ३ पाकीट चिकटवणार इतक्यात तुझ्या लेकीचा फोन आला. नात्यातून वशिला लावणाऱ्याचा अर्ज बाद होईल म्हणाली. तेव्हा पहिला ताजा कलम तू वाचलाच नाहीस असं समज. पण विसरू मात्र नकोस.