शिवांशचं वजन आणि गुळाची ढेप

ती. श्रीशैलमामांना सृष्टीचे शरणु शरणार्थी. मामींचा गुडघा आता कसा हाय? इकडं सगळे मजेत. मी तर लईच मजेत, कारण मला दशांशाची वजाबाकी येते. वर्गात सगळ्यांनाच येते हो, मला भरल्या देवळात येते!

तुम्ही शिवांशच्या गूळतुलेला आला नाहीत म्हणून सगळं सांगते. आज्जीचा नवस होता, नातवाच्या भारोभार गूळ महादेवापुढं वाटीन. मग गूळ किती आणायचा ते आधी कळाया पाहिजे. पण शिवांश काट्यावर एकटा बसतोय कुठं! (ठेवला की रांगत साखरेच्या पोत्यामागं.) मग मीच आयडिया काढली. काकांनी आधी त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकट्यानं, आणि वजाबाकी करायची. किराणावाले मल्लिनाथअण्णा आकडे ओरडून सांगून राहिले होते. दोघं मिळून सत्तर पॉईंट तीन, काका एकटे बासष्ट पॉईंट आठ पाच. अण्णा मोबाईल काढाया लागले, तर मी म्हटलं, "ठेवा ते, मी हाय ना." सत्तरातून बासष्ट गेले, आठ. एटीफाइव्हमधून तीन गेले, एटीटू. (मराठीत ब्याऐंशी. काकांना विचारून लिहिलं.) आठ पॉईंट आठ दोन! आज्जीनं लगेच शिवांशच्या गालाला काजळ लावलं, आणि रूपालीकाकू गल्लीभर वजन सांगून आल्या.

देवळात तराजू टांगला. एका पारड्यात शिवांश, दुसऱ्यात तेवढा गूळ. तर गूळ धाडकन खाली आणि शिवांश वर, घंटेला हात लावून हसतोय! आज्जीचं तोंड उतरलं. "अगं रूपाली, चार दिवसांत पोरगं वाळलं की गं! दूध पाजतीस का न्हाई?" काकू म्हणाल्या, "पाजते की हो आत्या," आणि डोळ्याला पदर लावला. मामा, आकडा तर माझाच होता.

मी देवळातल्या स्वामींच्या ताटलीतली विभूती उचलली आणि काळ्या फरशीवर गणित मांडलं. (स्वामी रागावले, पण उत्तर बघाया पहिले तेच वाकले.) पॉईंटखाली पॉईंट ठेवला, तर खालच्या पाचाच्या डोक्यावर काहीच न्हाई. "अण्णा, तीनच्या पुढं काय होतं?" अण्णा म्हणाले, "शून्य होतं की. शून्य काय सांगायचं?" मी तिथं शून्य काढलं. तिसातून पंच्याऐंशी जाईनात, म्हणून सत्तराकडून एक उसना घेतला. सात पॉईंट चार पाच! चूक माझीच होती, पण शोधली पण मीच की! अण्णांनी जास्तीचा एक पॉईंट तीन सात किलो गूळ फोडून बाजूला काढला, आणि पारडी बरोबरीत आली. काकूंनी मला असं आवळलं की विभूती सगळी त्यांच्या नव्या साडीला. आज्जी म्हणाली, "पोरगं हाय तेवढंच हाय, हिशोब सुटला होता." मग तिनं माझ्याकडून वजाबाकी शिकून घेतली. आता ती पण पॉईंटखाली पॉईंट ठेवते, उसना घेते, सगळं. माझी पहिली स्टुडंट!

तुमची हुशार भाची,
सृष्टी

ता. क. : तो बाजूला काढलेला गूळ आज्जीनं डब्यात ठेवलाय, माझ्या भरवशावर. लई गोड हाय. आता ०.९ भरतो.

ता. क. २ : सोमवारी आज्जी तो डबा काट्यावर ठेवणार हाय. मामा, रविवारी निलंग्याहून येताना गुपचूप ०.४७ किलो गूळ आणा ना. जास्त आणू नका, आज्जीला ते पण कळंल.