पुट्टीचं काचघर

११ नोव्हेंबर

पुट्टीच्या काचघराचं झाकण अर्धा इंच सरकलेलं. मी सरकवलेलं नाही. घरात दुसरं माणूस एकच — व्हर्ना.

बहीण असली म्हणून काय झालं? नवरा, कॉलिन, गेल्यावर तिला ॲडलेडचं घर एकटीने चालवणं झेपेना, म्हणून मीच म्हटलं, ये ब्रोकन हिलला, मागची खोली रिकामीच आहे. आली. तीन आठवड्यांत चमचे कुठे ठेवायचे यावरून चारदा वाजलं. ते ठीक. पण पुट्टीला कोणी बाहेर काढायचं नाही, हे तिला पहिल्याच दिवशी बजावलंय, मग झाकणाला हात लावायचं कारण काय?

मी अकराला क्लबात जातो, एकला परत येतो. जे काही होतंय ते या दोन तासांत.

१४ नोव्हेंबर

आज पुट्टीच्या पोटाला लाल धूळ. त्याच्या घरात वर्तमानपत्र अंथरलेलं असतं, धूळ येणार कुठून?

काचघर मी स्वतः बांधलंय. एकतीस वर्षं या गावाच्या खिडक्यांना काचा बसवल्या, दुकान बंद करताना जी सगळ्यात चांगली दुपदरी काच उरली ती या सरड्यासाठी वापरली. पाच महिन्यांचा दाढीवाला सरडा, वीतभर पण नाही, आणि थाट पाहा! उत्तरेच्या मोठ्या खिडकीला लावून ठेवलंय, आमच्याकडे ऊन उत्तरेचंच, दिवसभर. ग्वेनने सरडा विकताना लांब नळीसारखा एक दिवाही गळ्यात मारला होता. "हा रोज लाव, लेन. विसरू नकोस." ब्रोकन हिलमध्ये उन्हासाठी दिवा! शेडमध्ये टाकून दिलाय.

जेवताना व्हर्नाला सरळ विचारलं. म्हणाली, "तुझ्या त्या मगरीला मी कशाला हात लावू? मला बघूनच शिसारी येते." डोळे मात्र ताटात.

१५ नोव्हेंबर

झाकणाच्या कडेला पेन्सिलीची बारीक खूण केली. बघू.

१६ नोव्हेंबर

खूण जुळत नाही.

२ डिसेंबर

क्लबातून मुद्दाम लवकर आलो. पावणेबारा. व्हर्ना मागच्या दारात उभी, एप्रन दोन्ही हातांनी गोळा करून पोटाशी धरलेला, तोंड लालबुंद.

"काय करतेस?"

"कपडे वाळत घालत होते."

तारेवर एक मोजासुद्धा नव्हता. मी मोरीत हात धुवायला गेलो. परत आलो तर ती स्वयंपाकघरात भोपळा चिरत होती आणि पुट्टी आपल्या जागी. झाकण नीट. फार नीट.

शंकेची पाल चुकचुकते म्हणतात, माझ्या घरात तर सरड्यावरूनच सगळं चाललंय.

२५ डिसेंबर

नाताळ. थंड हॅम, बटाट्याची कोशिंबीर, बियर. व्हर्नाने मला मोजे दिले. मी तिला चहाची किटली. पुट्टीने अकरा रातकिडे खाल्ले आणि मला बघून मान हलवली. दिवसेंदिवस जाडजूड होतोय. म्हणजे अजून तरी त्याला काही केलेलं दिसत नाही. पण लक्ष ठेवायला हवं.

९ जानेवारी

व्हर्नाच्या मनगटावर ओरखडे. तीन, समांतर, बारीक. "गुलाबाचा काटा लागला," म्हणे. आमच्या अंगणात गुलाब कुठला? कॉलिनचंही असंच झालं होतं — त्याच्या कबुतरांपैकी एकेक नाहीसं व्हायचं आणि ही म्हणायची, घार असेल. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून कुलूप आणलं. झाकणाला बसवलं. किल्ली माझ्या गळ्यात.

ती बघत उभी होती. "हे माझ्यासाठी का?"

"मांजरासाठी."

आमच्याकडे मांजर नाही. तिच्या खोलीचं दार जरा जोरात लागलं.

३० जानेवारी

तीन आठवडे घरात शांतता. कुलूप कामाला आलं! पेन्सिलीची खूण जिथल्या तिथे. बाहेर चव्वेचाळीस, पुट्टी खिडकीशी उन्हात पसरलेला. सुखी जीव.

१७ फेब्रुवारी

व्हर्ना चहा घेऊन आली आणि काचेशी वाकून म्हणाली, "लेन, हा पूर्वीसारखा नाही रे. तजेला गेलाय. जरा बाहेर काढ की त्याला."

"तुला बरं वाटेल ना, बाहेर काढला तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही."

पण खरं सांगायचं तर तो खाताना कमी झपाटा दाखवतो. पाच रातकिडे, मग सोडून देतो.

८ मार्च

पुढच्या पायाची बोटं थरथरतात. मी नीट पाहिलं, भिंग लावून. पाय टेकला की थरथर, उचलला की थरथर. विषबाधेत असंच होतं — माझ्या लहानपणी शेजारच्या कुत्र्याला विष घातलं होतं, तो असाच थरथरला होता.

कुलूप आहे, मग कसं? बाजूच्या जाळीतून. माशा मारायचा फवारा! ओट्याखाली दोन डबे होते, त्यातला एक अर्धा. दोन्ही गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं. व्हर्ना म्हणाली, "माशांनी जेवण करायचं का आता इथे?" मी म्हटलं, करू देत.

२१ मार्च

मागचे पाय ओढतो. भरवायला गेलो तर खालचा जबडा बोटाखाली रबरासारखा वाकला. मी घाबरलो. तसा मी घाबरत नाही.

व्हर्ना: "डॉक्टरकडे ने त्याला. आजच्या आज ने."

इतकी घाई का? म्हणजे डॉक्टर म्हणणार आजारी होता, आणि प्रकरण बंद. नाही. फवारा गेला, आता विष हळूहळू उतरेल. मी स्वतः रातकिडे पाळतोय, माझ्या हातानेच भरवतोय. तिच्या हातचं पाणीसुद्धा त्याला देत नाही.

२ एप्रिल

गेला.

सकाळी उन्हाच्या पट्ट्यात होता, तोंड खिडकीकडे करून. हातात घेतला तर वजनच नाही. मी खाली जमिनीवर बसलो आणि रडलो. अडुसष्ट वर्षांचा बाप्या, सरड्यासाठी. लिहून ठेवतो, कोणाला दाखवायचं थोडंच आहे.

पुरावा हवा. आइस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवला.

३ एप्रिल

व्हर्नाने जेवणानंतर डबा उघडला. व्हॅनिला समजून. मला सांगायचं राहिलं होतं.

किंचाळली नाही. डबा छातीशी धरून ओट्याला टेकली आणि ढसाढसा रडायला लागली. माझ्यापेक्षा जास्त. मला राग आला. नक्राश्रू! जिला शिसारी यायची तिला एवढं रडू कुठून?

मग मी बोललो. सगळं. झाकण, धूळ, ओरखडे, फवारा, कॉलिनची कबुतरं. ती ऐकत राहिली. मध्ये एकदा तोंड उघडलं, "लेन, मी त्याला —" आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "राहू दे."

राहू दे कसं? निर्दोष माणूस असं म्हणत नाही.

५ एप्रिल

व्हर्ना सकाळच्या बसने ॲडलेडला गेली. कोणाकडे ते सांगितलं नाही. किटली इथेच ठेवून गेली.

मी डबा घेऊन प्राण्यांच्या दवाखान्यात. तरुण डॉक्टरीणबाई. म्हणाली, फ्रीजरमध्ये नव्हतं ठेवायचं, नुसतं फ्रीजमध्ये चाललं असतं. मी म्हटलं, विष शोधा. कुठलं विष आणि जाळीतून गेलं का, एवढंच सांगा. तिने डबा घेतला आणि माझा फोन नंबर लिहून घेतला.

१६ एप्रिल

विष नाही.

डॉक्टरीणबाईने एक्स-रे उजेडाला धरला. हाडं दिसायला हवीत तिथे नुसतं धुकं. हाडं मऊ पडली होती, दोन ठिकाणी मोडलेली. हाडांना लागतं ते कॅल्शियम अंगात धरतच नव्हतं, म्हणाली. म्हणून थरथर, म्हणून जबडा.

"दिवा कुठला वापरत होता?"

"दिवा कशाला? दिवसभर उन्हात होता."

"बाहेर?"

"खिडकीत. काचघरात."

"म्हणजे ऊन काचेतून यायचं."

तिने ते अगदी साधं म्हटलं, आरोप नाही काही नाही. पण मला पुढचं ऐकायची गरज नव्हती. ते वाक्य माझंच होतं. एकतीस वर्षं दारोदारी म्हटलेलं, नमुन्याची काच हातात धरून — "बाई, या काचेतून उजेड येईल, ऊब येईल, पण पडद्यांचा रंग उडवणारा किरण आत येणार नाही. माझी हमी." गावातल्या निम्म्या घरांत मी ती हमी दिली आहे. त्याच किरणाने सरड्याच्या हाडांना कॅल्शियम धरतं, त्यावरच तो जगतो. आणि मी एक सोडून दोन काचा लावल्या, खिडकीची आणि त्याच्या घराची, सगळ्यात चांगल्या.

देशातल्या सगळ्यात उन्हाच्या गावात मी त्याला उन्हावाचून मारला. काम मात्र चोख.

१९ एप्रिल

गाडी काढून मिल्ड्युराला ग्वेनकडे. तिच्याकडे चाळीसेक सरडे, नोंदींची वही, परवाना चौकटीत लावलेला. दार उघडून म्हणाली, "दिवा लावला नाहीस ना?" मी मान खाली घातली. तिने चांगलं फैलावर घेतलं, मग चहा दिला, मग शिकवायला बसली.

शिकलो ते: दिवा आणि सरडा यांच्यामध्ये काच नको, प्लास्टिक नको. दिवा डोळ्यांना ठणठणीत दिसतो, पण सहा महिन्यांनी त्यातला तो किरण मरतो — म्हणून लावल्याची तारीख दिव्यावरच लिहायची. एक कोपरा तापलेला, एक थंड, म्हणजे सरडा स्वतः निवडतो. रातकिडे कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून. बोट थरथरलं तर त्याच दिवशी डॉक्टर, थांबायचं नाही. आणि सगळ्यात भारी म्हणजे अंगणातलं खरं ऊन, थोडा वेळ, नजरेसमोर.

मी तारखा विचारत गेलो, ती बोटांवर महिने मोजत होती. मग थांबली.

"लेन, हे जुळत नाही. वाढत्या वयाचं पिल्लू, दिवा नाही, दोन काचा. डिसेंबरातच पाय ओढायला हवे होते. तू म्हणतोस नाताळात अकरा रातकिडे खाल्ले?"

"खाल्ले. मान पण हलवली."

"मग त्याला कुठून तरी ऊन मिळत होतं."

मला वाटलं, बाई आपण विकलेल्या पिल्लातली काहीतरी खोट लपवतेय. परतीच्या वाटेवर अर्ध्यात आलो तरी तेच डोक्यात. मग एकदम माझाच कंटाळा आला. किती जणांवर संशय घेणार?

२२ एप्रिल

व्हर्नाला फोन. उचलत नाही. निदान विष नव्हतं एवढं तरी सांगायला हवं. माझं चुकलं हेही.

२४ एप्रिल

उचलत नाही. काचघराचं कुलूप काढलं, खिडकीपासून ओढून शेडमध्ये नेलं. घरात दोन चमचे जागेवर नव्हते, तसेच राहू दिले.

२६ एप्रिल

व्हर्नाने फोन उचलला. मी काचेचं सगळं सांगितलं. तिने नाक ओढलेलं ऐकू आलं. मग म्हणाली, "तू क्लबात गेलास की मी त्याला एप्रनमध्ये घालून अंगणात न्यायचे रे. काचेवर नखं घासायचा सारखा, बघवायचं नाही. रोज तासभर, बाकावर, माझ्या मांडीवर. तू कुलूप लावलंस तोपर्यंत."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस.

"तूच म्हणाला होतास, त्याला कोणी बाहेर काढायचं नाही. मला वाटलं, कळलं तर मला घराबाहेर काढशील."