पाटीवरचं नाव

१२ नोव्हेंबर १९९५

आजही भरीत उरलं! सकाळी कापसाच्या पऱ्हाटीवर वांगी भाजली, कुटली, कांद्याची पात घातली, आणि संध्याकाळी सगळं मागच्या गोठ्यात नेऊन टाकलं. गाय खात होती आणि मी पदर तोंडावर घेऊन उभी. कुणी ओळखीचं पाहू नये म्हणून.

"बस स्टँडसमोर गाळा मिळतोय, खानावळ धावेल," असं मीच ह्यांना म्हणाले होते. हे केळीचा ट्रक घेऊन दिल्लीला. परत आले की विचारतील. काय सांगू?

माणसं काय कमी आहेत? बसमधून उतरतात, पानवाल्याला विचारतात, "भरीत कुठं मिळेल?" पानवाला जुन्या जळगावाकडे हात करतो. मंदाआक्काकडे! माझ्या डोक्यावर एवढी थोरली पाटी: 'श्री कुलस्वामिनी भोजनालय'. मान वर करून कुणी वाचत नाही.

आक्काच्या चुलीपाशीच शिकले मी. वांगं भाजलं का ते डोळ्यांनी नाही, वासानं ओळखायचं, हे तिनंच शिकवलं. गाळा घेतल्यापासून तिकडे फिरकले नाही. तिच्याच गिऱ्हाइकांची वाट बघत बसलेय. कुठल्या तोंडानं जाऊ?

१५ नोव्हेंबर

रतिलाल पेंटर पाण्याला थांबला होता. सगळ्या स्टँडच्या पाट्या त्याच्याच हातच्या. रिकामी बाकडी बघून म्हणाला, "वहिनी, बसमधून उतरणारा माणूस कुलस्वामिनी शोधतो का? त्याला भूक लागलीय. तो तोंडानं जे विचारतो, तेच पाटीवर पाहिजे."

मी म्हटलं, मग सगळंच लिही. भरीत, शेवभाजी, भजी, मिसळ, लस्सी...

"मिसळ करता?"

"नाही."

"मग लिहायची कशाला? पाटी म्हणजे किराण्याची यादी नाही. जे चांगलं करता ते एक लिहा. मोठं लिहा. स्टँडमधून बाहेर पडायच्या दारापाशी बाण काढून देतो. आणि रिक्षावाल्यांना बोलवून जेवू घाला. त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं ना, तर माझ्या धा पाट्या फिक्या!"

१९ नोव्हेंबर

नवी पाटी. 'वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी'. बस्स, एवढंच. लाल अक्षरं. पहिल्याच दिवशी दोन बाकडी भरली! देवीची पाटी काढून मागच्या खोलीत नीट भिंतीला लावून ठेवलीय.

२६ नोव्हेंबर

धुळ्याचं एक कुटुंब आलं. पानं मांडली, पाणी ठेवलं. म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, "हेच का मंदाबाईंचं?"

नाही म्हटलं. खरं तेच बोलले.

सगळे उठले. मुलाबाळांसकट. आजीबाई जाताना म्हणाल्या, "रागावू नका हं, आम्ही त्यांचं नाव ऐकून आलो होतो."

भरलेले पेले तसेच. आत जाऊन रडले. रडले त्याचीही लाज वाटली.

२७ नोव्हेंबर

आजही तेच. "मंदाबाईंचं का?"

२८ नोव्हेंबर

मंदाबाई. चार अक्षरंच तर आहेत.

३० नोव्हेंबर

रतिलालला सांगितलं, वर 'मंदाबाईंचे' असं घाल. ब्रश डब्यातच धरून तो माझ्याकडे बघत राहिला. "नाव कुणाचं?"

"माझंच. माहेरचं."

"बघा हां, वहिनी. पाटी माणसाला दारापर्यंत आणते. पुढचं सगळं तुमच्यावर."

मान हलवली मी. माहेरी मला भिकुबाई म्हणत, कुंदा लग्नानंतरचं. भिकुबाई हे मी जगावं म्हणून आईनं ठेवलेलं नाव. ते कधी कुणाला सांगितलं नाही, लाज वाटायची. आणि आज दुसरीचं नाव माझं म्हणून सांगताना जीभ अडखळली नाही!

९ डिसेंबर

गर्दी! रावेरचे व्यापारी, भुसावळचे रेल्वेवाले, लग्नाची खरेदी करणाऱ्या बाया. शेजारची भागाबाई भाकरी थापायला येते आता. रतिलालनं टॉकीजमध्ये मध्यंतराला पडद्यावर दाखवायची जाहिरातीची काच रंगवून दिली. 'मंदाबाईंचे भरीत, स्टँडसमोर'.

गिऱ्हाईक 'मंदाबाई' अशी हाक मारतं, तेव्हा मी लगेच वळत नाही. मग आठवतं!

१८ डिसेंबर

हे आले. ट्रक लावला, रस्त्याच्या पलीकडूनच पाटी वाचत उभे राहिले. आत आले, हातपाय धुतले, जेवले. हात पुसताना म्हणाले, "आक्काले माहीत शे का?"

मी भांडी आवरत राहिले.

"तुनं नाव काय वाईट शे का, कुंदा?"

म्हटलं, तुम्ही असता रस्त्यावर, इथली रिकामी बाकडी मी बघते! फार जोरात बोलले. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. हे बाहेर जाऊन ट्रकच्या फळीवर बसले.

४ जानेवारी १९९६

हे कसं लिहू?

दुपारी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली एक बाई आली. माझ्याच वयाची. जेवायला बसलीच नाही. पिशवीतून नारळ आणि खण काढला.

"तुम्हीच मंदाबाई ना? माझे वडील तुमच्याकडून डबा न्यायचे. आई आजारी होती, तिला कशालाच चव लागत नव्हती. तुमचं भरीत तेवढं खायची. तुम्ही तिच्यासाठी वेगळं, बिनमिरचीचं करून द्यायचात. पैसे घेतले नाहीत कधी. आई गेली. जायच्या आधी म्हणाली, त्या बाईची ओटी भर."

मी सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. भागाबाई बघत होती, चार गिऱ्हाइकं बघत होती, बाहेर पाटीवर नाव होतं.

पदर पसरला मी!

तिनं ओटी भरली. कुंकू लावलं. वाकून पाया पडली. मी तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला.

५ जानेवारी

खण-नारळ डब्यांच्या फळीवर आहे. देवापुढं ठेवावा, तर देवीची पाटी मीच काढून भिंतीला लावलीय.

भरीत खारट झालं. कुणी काही म्हणालं नाही. मंदाबाईंचं ना!

८ जानेवारी

आक्काकडे निघाले होते. बाजारापर्यंत गेले. कोथिंबीर घेऊन परत आले. कोथिंबीर घरात होती.

१४ जानेवारी

संक्रांत. दरवर्षी पहिला तिळगूळ आक्काच्या हातावर. आज गेले नाही. भागाबाई म्हणाली, "कुणाची वाट बघतेस?" दार वाजलं की हातातलं टाकून बघते. आक्काच आली असेल, पाटी वाचून आली असेल.

मग वाटतं, येऊन चार माणसांत कानाखाली देईल तर बरं.

१६ जानेवारी

रतिलालला बोलावून सगळं खरं सांगितलं. भिकुबाईसुद्धा. तो हसला नाही. म्हणाला, "नाव पुसायला वेळ लागत नाही, वहिनी. पण आधी त्यांना भेटा. नंतर पाटी." उद्या जाते. हे पण येतो म्हणाले. नको म्हटलं. एकटीच जाणार.

१७ जानेवारी

गेले. आक्काची चूल थंड. हातांची बोटं वातानं वाकलेली, पदराखाली लपवून बसली होती. खण-नारळ पुढं ठेवला आणि सगळं सांगितलं, पाया पडून घेतलं तेसुद्धा. तिनं खणावरून हात फिरवला.

मग म्हणाली, "म्हणून होय! अगं, दिवाळीपासून दारात येईल त्याला सांगतेय, माझे हात गेले, आता स्टँडसमोर कुंदाकडे जा, माझ्याच हाताखालची आहे. माणसं परत येऊन मलाच म्हणतात, आक्का, सगळं स्टँड फिरलो, कुंदाबाईची पाटी काही कुठं दिसली नाही."